प्लास्टिकच्या मुठीत खरा धातू

‘स्टार वॉर्स’मधल्या ल्यूक स्कायवॉकरच्या हातातल्या लाइटसेबरची, म्हणजे उजेडाच्या पात्याच्या तलवारीची, मूठ ही मुळात कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी. अमेरिकेतल्या रॉचेस्टरची ग्राफ्लेक्स कंपनी ‘स्पीड ग्राफिक’ नावाचे धिप्पाड कॅमेरे बनवायची. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार ते वापरत. त्या कॅमेऱ्याच्या कडेला क्लॅम्पनं आवळलेली एक चकचकीत नळी असे. नळी पितळेची, वरून निकेलचा मुलामा. आत टॉर्चचे तीन जाडे सेल, डोक्यावर गोल परावर्तक आणि त्यात एकदाच पेटून संपणारा बल्ब. लाल बटण दाबलं की लख्ख उजेड पडायचा. पुढे इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आले आणि या नळ्या अडगळीत गेल्या.

‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट १९७७ साली पडद्यावर आला. त्याची तयारी इंग्लंडमधल्या एल्स्ट्री स्टुडिओत चालली होती, तेव्हा सेटच्या सजावटीचं काम रॉजर ख्रिश्चन यांच्याकडे होतं. पैसा बेताचा आणि तलवार तर कथेतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. लंडनमधल्या ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवरच्या कॅमेऱ्यांच्या एका दुकानात त्यांना या ग्राफ्लेक्स नळ्या सापडल्या. नळीच्या खालच्या भागावर त्यांनी टी आकाराच्या काळ्या पट्ट्या सुपरग्लूनं चिकटवल्या. क्लॅम्पच्या खाचेत कॅल्क्युलेटरमधली एक पारदर्शक पट्टी सरकवली. कमरेच्या पट्ट्याला अडकवण्यासाठी तळाशी एक कडी आली. पुढे जगभरच्या मुलांनी जिचा ध्यास घेतला, ती मूठ एवढ्या कामातून उभी राहिली.

ती पारदर्शक पट्टी मला फार आवडते. त्या काळच्या खिशात मावणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये लाल एलईडीचे आकडे असत. एलईडी वीज खात, म्हणून आकडे अगदी बारीक ठेवावे लागत. ते वाचता यावेत यासाठी प्रत्येक आकड्यावर भिंगाचा एकेक फुगवटा बसवलेला असे. ख्रिश्चन यांनी घेतली ती या फुगवट्यांची ओळ. पडद्यावर पाहणाऱ्याला ती कसली ते कळत नाही, पण ती काहीतरी मोजत असणार, दाखवत असणार, असं मात्र वाटतं. आणि ते खरंच आहे. ती पट्टी आकडे दाखवण्यासाठीच जन्मली होती.

त्याच चित्रपटातल्या ओबी-वान केनोबीची मूठ याहून थक्क करणारी आहे. तिच्यात रोल्स-रॉइसच्या डरवेंट जेट इंजिनातली एक नळी आहे. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश रायफल ग्रेनेडचा खाचांचा तुकडा आहे, ब्राउनिंग मशीनगनच्या तोंडावरचा बूस्टर आहे, ग्राफ्लेक्सचाच क्लॅम्प आहे आणि तळाशी आर्मिटेज शँक्स कंपनीच्या नळाचं डोकं आहे, बाथरूममध्ये पाणी सोडायला आपण फिरवतो ते. डार्थ व्हेडरची मूठही फ्लॅशचीच, फक्त एमपीपी या ब्रिटिश कंपनीची. दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांना वापरून मळलेलं, दुरुस्त करत चालवलेलं जग हवं होतं. ख्रिश्चन यांनी विमानांचं भंगार वजनावर विकत घेतलं आणि ‘मिलेनियम फाल्कन’ यानाचा आतला भाग त्यातून सजवला. १९७८ च्या ऑस्कर समारंभात या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाचा पुरस्कार जॉन बॅरी, नॉर्मन रेनल्ड्स, लेस्ली डिली आणि रॉजर ख्रिश्चन या चौघांना मिळाला.

हे सगळं तपशिलानं सांगायचं कारण असं, की स्वस्त खेळण्यात धातूचे भाग बसवायला निघालेल्या माणसाला दिशा इथूनच मिळते. या मुठींवरचा जवळजवळ प्रत्येक भाग आधी कुठेतरी खरं काम करत होता. क्लॅम्प आवळत होता, बटण विजेचं मंडळ जोडत होतं, नळाचं डोकं ओल्या हातातही फिरत होतं. कामासाठी घडलेल्या वस्तूच्या अंगावर त्या कामाच्या खुणा असतात. ते काम कुठलं हे ठाऊक नसलं तरी डोळ्याला त्या खुणा कळतात. खेळणं खोटं वाटतं ते या खुणा गेल्यामुळे. ते प्लास्टिकचं असणं ही पुढची गोष्ट.

लाइटसेबरचं पहिलं अधिकृत खेळणं केनर कंपनीनं १९७८ च्या सुमारास आणलं. त्याचं पातं फुगवायचं होतं आणि मूठ म्हणजे बॅटरीचा टॉर्च. आजच्या स्वस्त लाइटसेबरमध्ये एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचं पातं असतं, झटका दिला की बाहेर येतं. मूठ एबीएस प्लास्टिकची आणि वर चंदेरी रंग.

ती मूठ तशी का दिसते ते समजून घ्यायचं तर मोल्डिंगची पद्धत माहीत हवी. वितळलेलं प्लास्टिक दाबानं पोलादी साच्यात भरतात, थंड करतात, साचा उघडून भाग बाहेर ढकलतात. लाखो नग या पद्धतीनं स्वस्तात निघतात, पण तिच्या अटी कडक आहेत. भाग साच्यात अडकता कामा नये, म्हणून उभ्या बाजूंना एखाद-दोन अंशांचा कल द्यावा लागतो. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी ठेवावी लागते, साधारण दोन-तीन मिलीमीटर. कुठे ती जास्त झाली की थंड होताना तिथे वरून खळगा पडतो. मूठ लांबीनं दोन फाकांत ओततात आणि फाका स्क्रूनं जोडतात. म्हणून दोन्ही बाजूंना सांध्याची रेघ दिसते आणि एका बाजूला स्क्रूची भोकं.

यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते काळ्या पट्ट्यांचं. मूळ पट्टी टी आकाराची, म्हणजे वर रुंद आणि खाली अरुंद. असा आकार फाकेच्या साच्यातून सुटूच शकत नाही, कारण रुंद डोकं साच्यात अडकतं. म्हणून खेळण्यात त्या पट्ट्यांच्या जागी वर निमुळते होत गेलेले जाड वरवंटे येतात. कडीही तशीच. मूळ कडी लोंबते, फिरते, खणखणते. खेळण्यातली कडी मुठीला चिकटूनच ओतलेली असते किंवा असतच नाही. भिंगांच्या ओळीच्या जागी छापलेला स्टिकर येतो. क्लॅम्पवरचा स्क्रू तर फक्त उठाव असतो, त्याच्या डोक्यावरची चीर रंगानं काढलेली. खेळणं बनवणाऱ्यांचा यात काही दोष नाही. त्यांना किंमत पाळायची असते आणि मुलाच्या हाताला धारदार कड लागू नये हेही पाहायचं असतं.

आता रंगाकडे वळू, कारण बहुतेक जण सुरुवात रंगापासून करतात आणि तिथेच थांबतात. चंदेरी रंगात अ‍ॅल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे पारदर्शक माध्यमात तरंगत असतात. रंग वाळला की प्रत्येक पापुद्रा थोड्या वेगळ्या कोनात थिजतो. प्रकाश विखुरतो आणि पृष्ठभाग दाणेदार, दुधी दिसतो. साधं चकचकीत प्लास्टिक समोरून आलेल्या प्रकाशातला जेमतेम चार टक्के भाग आरशासारखा परतवतो. स्वच्छ अ‍ॅल्युमिनियम नव्वद टक्क्यांच्या आसपास परतवतं. त्याहून बारीक फरक चमकेच्या रंगात आहे. पिवळ्या प्लास्टिकवर दिव्याची चमक पांढरी पडते, पितळेवर तीच चमक पिवळसर पडते. धातूतले मुक्त इलेक्ट्रॉन परतणाऱ्या प्रकाशालाच रंग देतात. प्लास्टिकचा रंग आतून येतो, वरची चमक दिव्याच्या रंगाचीच राहते. हे शास्त्र कधी वाचलं नसलं तरी जन्मभर भांडीकुंडी पाहिलेल्या डोळ्याला फरक क्षणात कळतो.

लेथवर वळलेल्या भागाचं तर आणखी एक वैशिष्ट्य आहे. हत्याराच्या टोकानं पृष्ठभागावर अतिशय बारीक गोल रेघा उमटतात. अशी वळलेली चकती उजेडात धरा. मध्यापासून दोन बाजूंना पसरलेले दोन उजळ पंख दिसतील. चकती बोटांत चक्रासारखी गरागरा फिरवली तरी पंख जागेवरच राहतात. चकती कलवली की मात्र ते सरकतात. स्टीलच्या पातेल्याच्या बुडावर हेच दिसतं. रंगानं हा परिणाम आणता येत नाही, कारण तो रंगाचा नाहीच, रेघांच्या दिशेचा आहे. मुठीच्या तळाशी अशी एक वळलेली चकती बसली, तर पाहणारा वस्तू हातात घेण्याआधीच फसतो.

काही खेळण्यांवर क्रोमसारखा आरशी लेप असतो. निर्वात पेटीत अ‍ॅल्युमिनियमची वाफ करून तो चढवतात आणि तो एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. दिसायला झकपक, पण जिथे बोटं रोज लागतात तिथून तो उडतो आणि खाली राखाडी प्लास्टिक उघडं पडतं. निकेलचा मुलामा झिजला तर खाली पितळ दिसतं. वापरलेल्या वस्तूची शोभा त्या पिवळ्या कडांमध्ये असते. म्हणून खरेपणाच्या दृष्टीनं मला हा आरशी लेप साध्या चंदेरी रंगाहूनही कमी पसंत आहे.

डोळ्यानंतर हात. धातू गार लागतो, पण त्याचं तापमान कमी नसतं. खोलीत ठेवलेलं प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही एकाच तापमानाला असतात. अ‍ॅल्युमिनियम उष्णता वाहून नेण्यात एबीएसच्या जवळपास हजारपट सरस आहे, त्यामुळे ते बोटातली उष्णता झपाट्यानं ओढतं. पण इथे एक मेख आहे. धातूचा पातळ पत्रा प्लास्टिकवर गुंडाळला, तर तो काही क्षणांत बोटाइतका गरम होतो आणि गारवा संपतो, कारण पत्र्यात उष्णता साठवायला वस्तुमानच नसतं आणि खालचं प्लास्टिक ती पुढे जाऊ देत नाही. जाड, भरीव भाग बराच वेळ गार राहतो. म्हणून सबंध मूठ पातळ पत्र्यानं मढवण्यापेक्षा दोन-तीन भरीव भाग बसवणं हाताला जास्त खरं वाटतं. खर्चही कमी येतो.

वजनाचा हिशेब सोपा आहे. ३२ मिलीमीटर व्यासाची आणि १५ मिलीमीटर जाडीची भरीव टोपी घेतली, तर तिचं आकारमान सुमारे १२ घनसेंटिमीटर भरतं. ती एबीएसची असेल तर वजन १३ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमची तर ३३ आणि पितळेची असेल तर १०० ग्रॅमच्या वर. आता पातं उघडलेल्या खेळण्याचा तोल पाहा. समजा पात्याचं वजन १०० ग्रॅम आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य हाताच्या पुढे ४० सेंटिमीटरवर आहे. टोपी हाताच्या मागे १२ सेंटिमीटरवर आहे. वजनाला अंतरानं गुणलं, तर पुढचा भार ४००० आणि पितळेच्या टोपीचा मागचा भार १२००. म्हणजे मनगटावर पुढून येणारी ओढ तीस टक्क्यांनी हलकी झाली. एकूण वजन वाढूनही तलवार हातात हलकी वाटते. खऱ्या तलवारीच्या मुठीच्या टोकाला जड गोळा असतो तो याच कारणानं.

मग धातू नेमका कुठे बसवायचा? माझं उत्तर असं: जो भाग काही काम करतो, किंवा करतो असं दिसायला हवं, तिथे. पहिला मान क्लॅम्पचा. मूळ ग्राफ्लेक्समध्ये नळीचे वरचे आणि खालचे दोन भाग याच क्लॅम्पखाली एकमेकांना भेटतात. खेळण्यावर हा भाग उठावानं काढलेला असतो. तो उठाव कानशीनं घासून सपाट करायचा आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमची किंवा पितळेची खरी पट्टी आवळायची, खऱ्या स्क्रूनं, जो पेचकसानं खरंच सैल होतो आणि घट्ट होतो. या एका बदलानं सांध्याची रेघ मधोमध तुटते आणि दोन फाकांचं खेळणं दोन नळ्यांची वस्तू वाटू लागतं.

दुसरा मान बटणाचा. खेळण्याचं बटण बहुधा मऊ, रुंद आणि लाल असतं. आतला स्विच तसाच ठेवून वर पितळेचं छोटं कडं बसवायचं आणि त्यात लाल बटण कड्याच्या पातळीहून जरा वर राहील असं वळवून घ्यायचं. कड्यामुळे बटण चुकून दाबलं जात नाही, म्हणजे इथेही धातूला काम मिळतं. तिसरी कडी. ती रिव्हेटनं बसवलेल्या छोट्या कोयंड्यात सैल लोंबायला हवी. तिचा आवाज महत्त्वाचा आहे. प्लास्टिक कंपनं आतल्या आत जिरवतं, धातू ती बराच वेळ टिकवतो, म्हणून धातू खणखणतो आणि प्लास्टिक खडखडतं. मूठ कमरेला असताना चालताना येणारी ती बारीक किणकिण वस्तूबद्दल पुष्कळ सांगते.

काळ्या पट्ट्या मात्र धातूच्या करू नका. त्या मूळच्याही धातूच्या नव्हत्या. हौशी माणूस एकदा लेथवाल्याकडे पोचला की सगळंच चकचकीत करायच्या मोहात पडतो आणि वस्तू पुन्हा खोटी दिसायला लागते, वेगळ्या तऱ्हेनं. साच्यातले जाड वरवंटे घासून काढा आणि त्या जागी टी आकाराची तयार काळी पट्टी चिकटवा. फर्निचर आणि खिडक्यांच्या सामानाच्या दुकानात शोधली तर जवळच्या मापाची सापडते. भिंगांच्या ओळीसाठी पारदर्शक रेझिन ओता किंवा अर्धगोल अ‍ॅक्रिलिक मणी ओळीनं बसवा. ज्या जागी जो पदार्थ शोभतो तिथे तोच आला, की जिथे धातू आहे तिथला धातूही उठून दिसतो.

भाग बनवून घेण्याची आपल्याकडे चांगली सोय आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या गावांना एमआयडीसी आहे आणि तिच्या आसपास लहान लेथ चालवणारे टर्नर आहेत. एकाच नगाचा जॉब घ्यायला ते कुरकुरतात. एकाच वेळी सगळे भाग, एकाच व्यासाच्या गजातून निघतील असे आखून नेले तर काम लवकर होतं. चित्र हातानं काढलं तरी चालेल, पण मापं मिलीमीटरमध्ये, व्हर्नियरनं घेतलेली आणि प्रत्येक कडेला किती चॅम्फर, म्हणजे तिरका छाट, हवा ते लिहिलेलं असावं. मूठ मोजताना सांध्यावर एकदा आणि सांध्याला काटकोनात एकदा मोजा. दोन फाकांची मूठ क्वचितच अगदी गोल असते. मुठीवर चढणाऱ्या कड्याचा आतला व्यास मोठ्या मापापेक्षा थोडा जास्त ठेवावा, उरलेली फट गोंद भरून काढतो. पितळ वळायला सोपं आणि कड सुबक देतं, अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि स्वस्त. टोपी पितळेची आणि कडी-क्लॅम्प अ‍ॅल्युमिनियमचे अशी विभागणी मला योग्य वाटते. ग्राफ्लेक्ससारखा थंड पांढरा रंग हवा असेल तर पितळेच्या भागांवर इलेक्ट्रोप्लेटिंगवाल्याकडून निकेल चढवून घ्या.

जोडणीत बहुतेकांचं काम फसतं ते गोंदामुळे नाही, गोंदाच्या आधी पृष्ठभाग तयार न केल्यामुळे. खेळण्यावरच्या चंदेरी रंगावरच गोंद लावला, तर गोंद रंगाला धरतो आणि रंग प्लास्टिक सोडतो. रंग खरवडून खालचं एबीएस उघडं करायला हवं. त्यावर आणि धातूवर दीडशे-दोनशे नंबरचा पॉलिश पेपर मारायचा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं. अ‍ॅसिटोन प्लास्टिकवर चुकूनही नको, ते एबीएस विरघळवतं. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत ऑक्साइडचा थर ताबडतोब चढू लागतो, म्हणून घासलं की लगेच चिकटवावं. लहान कड्यांना दोन नळ्यांत मिळणारं अ‍ॅराल्डाइटसारखं इपॉक्सी उत्तम. झटपट सुपरग्लू कठीण आणि ठिसूळ असतो, शिवाय त्याची वाफ आजूबाजूला पांढरट डाग पाडते. चित्रीकरणापुरता तो पुरला, घरात वर्षानुवर्षं ठेवायच्या वस्तूला तो पुरेसा नाही.

तापमानाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे आणि त्याचा विचार फारसा होत नाही. तापल्यावर एबीएस अ‍ॅल्युमिनियमच्या तीन-चारपट पसरतं. १५ सेंटिमीटर लांबीची धातूची पट्टी मुठीवर लांबीनं चिकटवली आणि तापमान ३० अंशांनी वाढलं, तर खालचं प्लास्टिक सुमारे ०.४ मिलीमीटर लांबतं आणि पट्टी जेमतेम ०.१. एवढा फरक ठिसूळ गोंदाचा सांधा उखडायला पुरतो. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या मुठीवर हेच होतं. लांब भाग एका टोकाला स्क्रूनं पक्का करावा आणि दुसऱ्या टोकाला स्क्रूचं भोक लांबट ठेवावं, म्हणजे त्याला सरकायला जागा राहते. किंवा फोमची दुहेरी चिकटपट्टी वापरावी, ती ताण पोटात घेते. स्क्रूच्या बाबतीत आणखी एक सूचना. खेळण्यातले स्क्रू प्लास्टिकमध्येच आपले आटे कापतात आणि चार-सहा वेळा उघडझाप झाली की आटे जातात. सोल्डरिंगच्या गरम टोकानं प्लास्टिकमध्ये दाबून बसवायची पितळी आट्यांची बुशिंगं मिळतात. ती एकदा बसवली की मशीन स्क्रू कितीही वेळा काढा-घाला.

आत वीज आहे हे विसरू नये. प्लास्टिकच्या मुठीत कुठली तार कुठे टेकली याला महत्त्व नसतं. आतपर्यंत पोचणारा धातूचा स्क्रू किंवा रिव्हेट मात्र सेलच्या दोन टोकांना जोडू शकतो. तीन छोट्या सेलचं खेळणं असेल तर सेल तापतात, गळतात. चार्ज होणारी लिथियमची बॅटरी असेल तर आगीचा धोका आहे. आत डोकावणारं प्रत्येक धातूचं टोक हीट श्रिंक नळीनं किंवा चांगल्या इन्सुलेशन टेपनं झाकावं, आणि फाका बंद करण्यापूर्वी मल्टिमीटरनं तपासावं.

शेवटचं काम जुनेपणाचं. नवी कोरी वळलेली वस्तू फार स्वच्छ दिसते. पाण्यात पातळ केलेला काळपट तपकिरी अ‍ॅक्रिलिक रंग खाचांत सोडायचा आणि वरचा लगेच कापडानं पुसायचा, एवढंच पुरतं. मळ खाचांत साचतो आणि झीज उंच कडांवर होते, हा नियम पाळला तर हात चुकत नाही. पितळ काळवंडायला फेरिक क्लोराइड वापरणारे आहेत, पण ते अ‍ॅल्युमिनियमला लागलं तर जोरदार प्रक्रिया होते, म्हणून दोन्ही धातू जवळजवळ असतील तिथे ते नकोच.

एक विनंती मनापासून करावीशी वाटते. ‘स्टार वॉर्स’मुळे ग्राफ्लेक्सच्या खऱ्या नळ्यांचे भाव कित्येक पटींनी चढले, आणि मूठ बनवण्यासाठी त्या कापल्या गेल्या, त्यांना भोकं पाडली गेली, त्यामुळे जुने कॅमेरे जपणाऱ्यांना त्या मिळेनाशा झाल्या. तुमच्या हाती कुठे खरी नळी लागलीच, तर तिच्यावर हत्यार चालवू नका. मापं घ्या, फोटो काढा आणि ती तिच्या कॅमेऱ्यासाठी राहू द्या. प्रतिकृतीसाठी खेळणं आहेच, ते मोडलं तरी दुसरं मिळतं.

आणि हे काम पूर्ण झालं की ती वस्तू खेळणं राहत नाही. २०२१ पासून भारतात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि त्यासाठीच्या चाचण्यांमध्ये धारदार कडा, टोकं आणि निसटणारे छोटे भाग पाहिले जातात. तुम्ही बसवलेली प्रत्येक कडी आणि स्क्रू या चाचणीबाहेरचे आहेत. पितळेची टोपी लागलेली मूठ एकमेकांवर हाणायला कुणाला देऊ नका, लहान मुलाला तर नाहीच. घरातल्या मुलासाठी न बदललेली दुसरी लाइटसेबर आणा.

ज्यांना एवढा खटाटोप जमणार नाही, फक्त एका भागावर पैसे घालता येतील, त्यांनी ते तळाच्या टोपीवर घालावेत: भरीव पितळ, लेथवर वळलेलं, पॉलिश न केलेलं, कडेला अर्धा मिलीमीटर चॅम्फर. गारवा, तोल आणि उजेडातले दोन पंख तिन्ही एकाच भागातून मिळतात, आणि तो बसवायला एक स्क्रू पुरतो.